शंभरातले सत्त्याण्णव

सुई म्हणावी तर नेढं नाही,
दोरा नाही, शिवायचंही काही नाही.
पोस्टाच्या तिकिटाएवढ्या पोलादी पत्र्यावर
शंभर टोकं उभी;
भिंगातून पाहिलं तर सुरूचं बन,
बोट फिरवलं तर मांजराची जीभ.

मी त्यांना न्हाऊ घालते.
साखरेच्या पाकात निळा रंग कालवून
टोकं तेवढी बुडवायची, काढायची, वाळू द्यायची,
पुन्हा बुडवायची. सात वेळा.
पाक पातळ झाला तर ओघळून बुडाशी साचतो,
घट्ट झाला तर टोकावर गोळा धरतो, धारच मरते.
एकतारीच्या जरासं अलीकडे थांबायचं,
हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.
खिडकीबाहेर कॉर्कचा पाऊस,
जो पडत नाही, नुसता असतो.

आज आलाय डोनल ओ'ड्रिस्कॉल.
वय एकाहत्तर, राहणार शर्किन बेट,
'व्यवसाय'पुढे लिहिलंय : खेकडे.
यात औषध कुठलं, विचारतो.
काहीच नाही. साखर आणि निळं.
सध्या फक्त भोकं मोजायची आहेत.
"म्हणजे जाळं," तो म्हणतो. "ते कळतं मला."

कोपराखालचा हात पुढे करतो.
अंगठ्याने दाबते, मनात वीस मोजते, काढते.
टोकं जशीच्या तशी,
निळी झूल अंगावर घेऊनच परतलेली,
लग्नघरच्या दारातूनच मागे फिरलेल्या वऱ्हाडासारखी.
तीन तर चक्क वाकलेली.

तसं वरचं कातडं सगळ्यांचंच मेलेलं असतं,
केसाहून पातळ, मेलेल्या पेशींची गच्च कौलं.
ती ओलांडली की ओल, तिथे पाक विरघळतो;
आणि आणखी खाली झोपलेली वेदना.
आमचं सगळं काम त्या मधल्या माळ्यावरचं :
तिला जाग येऊ न देता
निरोप ठेवून यायचं.
पण मीठ, ऊन, दोर, डिझेल यांनी निबर केलेला हा हात
सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जागा
देणार नाही म्हणून अडून बसलाय.

"गेंड्याचं कातडं," तोच हसतो.
"नोरीनही हेच म्हणायची."
मग शर्ट काढून दंड उचलतो,
काखेच्या जरा खाली बोट ठेवतो.
"इथे बघा. इथवर समुद्र पोचलेला नाही."

आणि खरंच,
त्या एवढ्या माणसाच्या अंगावर
सायीसारखी एक जागा,
कुणी तान्हं बाळ तिथे विसरून गेल्यासारखी.

दाबते. तोही मोजतो, त्याच्या जुन्या भाषेत,
खेकडे मोजावेत तसं, जोडीजोडीने.
दुखलं?
"कधी सुरू करताय?"
झालंसुद्धा.

तो गप्प.
मग गुंड्या लावता लावता, गुंड्यांशीच बोलल्यासारखं :
नोरीन सुई दिसली की न्हाणीघराची कडी लावून घ्यायची.
नर्स दाराबाहेरून समजूत घालायची,
स्वयंपाकघरात तिचा चहा निवायचा.
"दोन वर्षं असंच," तो म्हणतो,
आणि चुकलेली गुंडी सोडवून पुन्हा लावतो.

थांबा, मोजायचंय अजून.
सत्त्याण्णव.
आरसा धरते. मान वाकडी करून तो बघत राहतो.
"रात्री पाण्यावरून गाव असंच दिसतं," म्हणतो.
"तीन घरं लवकर झोपलीत."

शुक्रवारपर्यंत पुसट होईल, मी सांगते.
"आणि धुतलं नाही तर?"
तरी शुक्रवारच.

बोटीची वेळ झाली म्हणून घाईने गेला.
कागद लावून ठेवताना आत्ता दिसतंय :
वेदना, शून्य ते दहा, आकडा स्वतः भरावा,
तो रकाना त्याने कोराच सोडलाय.
उद्या फोन करून विचारायला हवं.
कसं विचारतात ते बघायला हवं.